म्हैसूरची मोहीम, इजिप्तची वाळू आणि ‘डोळे येणे’

डोळे आलेल्या माणसाकडे पाहिले की आपलेही डोळे येतात, ही समजूत आजही घरोघरी आढळते. प्रत्यक्षात हा आजार नजरेतून पसरत नाही. तो हात, रुमाल, टॉवेल आणि उशीचे अभ्रे यांच्यावाटे पसरतो. हे सत्य वैद्यकाला उमगले त्याचा इतिहास म्हैसूरच्या राजकारणाशी जोडलेला आहे.

१७९८ च्या जुलैमध्ये नेपोलियन बोनापार्ट इजिप्तमध्ये उतरला. इंग्रजांचा हिंदुस्थानशी असलेला संबंध तोडणे आणि म्हैसूरच्या टिपू सुलतानाशी हातमिळवणी करणे, हा त्याच्या मोहिमेचा एक हेतू होता. १७९९ च्या जानेवारीत त्याने कैरोहून टिपूला पत्र लिहिले. ते टिपूपर्यंत पोहोचलेच नाही. ४ मे १७९९ रोजी म्हैसूरनजीकच्या श्रीरंगपट्टणावर इंग्रजांचा अंतिम हल्ला झाला आणि टिपू धारातीर्थी पडला. त्या हल्ल्याचे नेतृत्व डेव्हिड बेअर्डने केले. याच श्रीरंगपट्टणात तो पूर्वी १७८४ पर्यंत सुमारे साडेतीन वर्षे कैदेत होता.

१८०१ मध्ये बेअर्डला हिंदुस्थानातून फौज घेऊन इजिप्तला जाण्याचा हुकूम मिळाला. या फौजेत गोऱ्या पलटणींबरोबर देशी शिपाईही होते. तांबड्या समुद्रातील कुसैर बंदरात उतरून, वाळवंट तुडवून ही फौज नाईल नदीपर्यंत पोहोचली. तिचा मुख्य शल्यवैद्य जेम्स मॅकग्रिगर याने १८०४ मध्ये मोहिमेतील रोगांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. प्लेगासोबत डोळ्यांच्या विकाराचीही त्यात नोंद आहे.

इजिप्तमध्ये फ्रेंच आणि इंग्रज या दोन्ही सैन्यांना या विकाराने ग्रासले होते. डोळे लाल होत, पापण्या सुजत, पू वाहू लागे आणि अनेकांची दृष्टी कायमची जाई. प्रखर ऊन, उडणारी वाळू आणि रात्रीची दमट हवा ही त्याची कारणे बहुतेक वैद्य सांगत. परंतु सैन्य मायदेशी परतल्यावर हा तर्क टिकेना. इजिप्तची वाळू कधीही न पाहिलेल्या सैनिकांचे डोळेही इंग्लंडच्या बराकींत येऊ लागले. रोगाला वाळू लागत नव्हती. एकाच पाण्यात तोंड धुणारी, एकच टॉवेल वापरणारी माणसे त्याला पुरेशी होती. हा रोग हवेतून नव्हे, तर डोळ्यांतील स्रावाच्या स्पर्शाने पसरतो, असे जॉन व्हेच या लष्करी वैद्याने १८०७ मध्ये ठामपणे मांडले. त्याआधी, १८०५ मध्ये, लंडनमध्ये जॉन सॉन्डर्सने डोळ्यांसाठी स्वतंत्र दवाखाना सुरू केला होता. तोच पुढे मूरफील्ड्स नेत्ररुग्णालय म्हणून जगप्रसिद्ध झाला.

सैनिकांचा तो रोग एकच नव्हता. त्यात खुपऱ्या होत्या, तसेच जिवाणूंमुळे होणारा तीव्र दाहही होता. १८८३ मध्ये पटकीच्या तपासासाठी इजिप्तला गेलेल्या रॉबर्ट कॉख यांना अशा डोळ्यांतील स्रावात जिवाणू दिसले. खुपऱ्यांना क्लॅमिडिया हा जिवाणू कारणीभूत असतो, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून दूर झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केले. या यशात औषधांइतकाच चेहऱ्याच्या स्वच्छतेचा आणि शुद्ध पाण्याचा वाटा आहे.

आजच्या साथी मात्र बहुधा विषाणूंच्या असतात. १९६९ मध्ये घानात उद्भवलेल्या साथीला चांद्रमोहिमेवरून ‘अपोलो’ हे नाव पडले. १९७१ मध्ये बंगालमध्ये तिला ‘जय बांगला’ म्हणू लागले. २०२३ च्या पावसाळ्यात देशभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा पुणे जिल्ह्यातील आळंदीतही मोठ्या संख्येने रुग्ण आढळले.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील व पापण्यांच्या आतील पातळ आवरणाला, म्हणजे नेत्रश्लेष्मलेला, आलेली सूज म्हणजे डोळे येणे. तिचे मुख्य प्रकार तीन. विषाणूजन्य प्रकारात पाणी वाहते आणि बहुधा एका डोळ्यापासून सुरुवात होते. तो साधारण एक ते दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. थंड पाण्याच्या घड्या आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब यांनी आराम पडतो, प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. जिवाणूजन्य प्रकारात घट्ट पू येतो, पापण्या चिकटतात. तेथे प्रतिजैविक थेंब कामी येतात. ॲलर्जीच्या प्रकारात दोन्ही डोळ्यांना खाज सुटते. तो संसर्गजन्य नसतो.

खरा धोका आहे तो औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांत. लाली त्वरित ओसरते म्हणून ते गुणकारी वाटतात. पण काही संसर्गांत त्यांनी बुबुळाला इजा होते आणि दीर्घ वापराने काचबिंदू उद्भवू शकतो. तीव्र वेदना, अंधूक दिसणे, उजेड असह्य होणे, कॉन्टॅक्ट लेन्सचा वापर किंवा नवजात बाळाच्या डोळ्यांतून पू येणे, यांपैकी काहीही असल्यास नेत्रतज्ज्ञांकडे विनाविलंब जावे.

काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, साथ रोखत नाही. साथ रोखतात ती साबणाने धुतलेले हात आणि ज्याचा त्याचा वेगळा टॉवेल. दोनशे वर्षांपूर्वी बराकींतल्या सैनिकांनी दृष्टी गमावून शिकवलेला धडा एवढाच होता.