चांद्याचा मुलूख आणि खिमा

‘खिमा’ हा शब्द मराठीत पाहुणा आहे. मूळ तुर्कीत ‘कियमा’ म्हणजे बारीक चिरलेले मांस. फारसीच्या वाटेने तो हिंदुस्थानात आला. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्यातील पदार्थांची यादी आहे, तीत खिमा पुलाव व खिमा शोरबा ही नावे आढळतात. गंमत अशी की, त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याचा गोंड राजा बाबाजीही भेटतो. त्याचे १,००० स्वार, ४०,००० पायदळ आणि वैरागडची हिऱ्याची खाण यांची तेथे नोंद आहे. राजा आणि खिमा एकाच पुस्तकात आहेत, म्हणून राजाच्या ताटात खिमा होता असे मात्र आम्ही म्हणणार नाही. इतिहासात अशा उड्या फार मारल्या जातात! मुसलमानी पाकशास्त्राचा शेजार या मुलखाला दक्षिणेकडून होताच. सिरोंचाचा भाग निजामाने १८६० च्या तहाने इंग्रजांस दिला.

अकबराच्या खिमा पुलावात मिरची नाही. तेथे आले, मिरे, जिरे, लवंग, वेलदोडा. कारण अमेरिकेची मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली आणि तिला देशभर पसरायला वेळ लागला. पण त्यात हरभऱ्याची डाळ आहे. आज आपण खिम्यात वाटाणा किंवा बटाटा घालून तो चार माणसांना पुरवतो, त्याचीच ही जुनी रीत म्हणावी काय?

बकऱ्याच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. चिरल्यामुळे तंतू तुटतात, म्हणून दात नसलेल्या आजीलाही ते चावते. मांसातील लोह भाजीतल्यापेक्षा पुष्कळ सुलभपणे शोषले जाते, आणि सोबतच्या डाळभातातील लोहही त्यामुळे अधिक अंगी लागते. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या भातखाऊ मुलखात हा गुण मोलाचा. परंतु आपल्या घरांत बाया शेवटी जेवतात, आणि पातेल्याच्या तळाशी तेव्हा रस्साच उरतो! रक्तक्षय कोणाला अधिक, हे सांगायला वैद्य नको.

एक भेद मात्र ध्यानी ठेवावा. या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर फुटतात. तो रक्तक्षय लोहाच्या तुटीचा नव्हे. खिम्याने तो हटत नाही, आणि रक्त तपासल्यावाचून लोहाच्या गोळ्याही आपल्या मनाने घेऊ नयेत.