छायेचा संवाद : संवर्धित वास्तवातील मांडणशिल्पांचा ऐतिहासिक वेध

प्रस्तावना :
संगणकनिर्मित प्रतिमा प्रत्यक्ष परिसरावर आरोपित करणाऱ्या तंत्रास १९९०च्या दशकात 'ऑगमेंटेड रिॲलिटी' अर्थात 'संवर्धित वास्तव' ही संज्ञा रूढ झाली. तथापि अंगावर कोणतेही उपकरण न चढविता, केवळ सावलीद्वारे अशा प्रतिमांशी संवाद साधण्याचे प्रयोग त्यापूर्वीचे आहेत. हे माध्यम सहभागी व्यक्तीस कितपत स्वातंत्र्य देते, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

क्रूगर यांची छायाकृती :
अमेरिकन संशोधक-कलावंत मायरन क्रूगर यांना १९७० मध्ये दूरस्थ सहकाऱ्यासोबत व्हिडिओद्वारे काम करताना एक गोष्ट आढळली. पडद्यावर दोघांच्या हातांच्या प्रतिमा एकमेकींवर येताच सहकाऱ्याने आपला हात बाजूला घेतला. प्रतिमेलाही शरीराप्रमाणेच मान दिला जातो, हे यातून स्पष्ट झाले. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून विकसित झालेल्या 'व्हिडिओप्लेस'मध्ये कॅमेरा व्यक्तीची बाह्याकृती टिपत असे व संगणक तिला चित्रजगात स्थान देत असे. ही सावली मात्र यंत्राने घडविलेली होती.

लोझानो-हेमर यांची प्रत्यक्ष सावली :
मेक्सिकोत जन्मलेल्या राफाएल लोझानो-हेमर यांनी २००१ मध्ये रॉटरडॅम येथे 'बॉडी मूव्हीज' सादर केले. डच चित्रकार सॅम्युएल फान होख्स्ट्राटेन यांचे १७व्या शतकातील छायानृत्याचे कोरीव चित्र ही त्यामागील प्रेरणा होती. भिंतीवर प्रक्षेपित केलेली व्यक्तिचित्रे प्रखर प्रकाशझोतामुळे पुसट होत आणि पादचाऱ्यांच्या २ ते २५ मीटर उंचीच्या सावल्यांतच दिसत. सावल्यांनी सर्व चित्रे व्यापली की संगणक नवा चित्रसंच आणी. त्यामुळे अनोळखी पादचाऱ्यांना परस्परांच्या साहाय्याची गरज भासे. मात्र अनेकांनी चित्रे बाजूला ठेवून सावल्यांचेच खेळ रचले.

निरीक्षणाचा प्रश्न :
२००५ मध्ये लिंकन येथे व २००८ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात मांडलेल्या 'अंडर स्कॅन'मध्ये पादचाऱ्याच्या गतीवरून त्याच्या पुढील स्थानाचा अंदाज बांधला जाई व तेथे पडणाऱ्या सावलीत चित्र उमटे. दर ७ मिनिटांनी हा प्रयोग थांबवून मागोवा घेणाऱ्या यंत्रणेचे जाळे जमिनीवर उघड केले जाई.

निष्कर्ष :
सावलीचा वापर शिकावा लागत नाही, हे तिचे सामर्थ्य होय. परंतु तिला प्रतिसाद देणाऱ्या यंत्रणेस प्रथम शरीरावर नजर ठेवावी लागते. म्हणूनच अशा कलाकृतींचे मूल्यमापन करताना त्यांनी दिलेल्या आनंदाबरोबरच त्यांनी आपली नजर कितपत उघड केली, हाही निकष ग्राह्य धरणे आवश्यक ठरते.