कोळ्याला भ्यायचं की विंचवाला?

पावसाळा लागला की भोर आणि वेल्ह्याकडच्या घरांमध्ये भिंतीवर कोळी दिसू लागतात आणि तेच ते प्रश्न पुन्हा निघतात. हा एवढा मोठा कोळी विषारी असतो का? तो अंगावर मुतला की फोड येतात, हे खरं का?

विष बहुतेक सगळ्याच कोळ्यांकडे असतं, पण ते किड्यांना मारण्यापुरतं. आपल्या भिंतीवरचा पसरट, लांब पायांचा कोळी जाळंही विणत नाही. रात्री फिरून झुरळं पकडतो. पोटाखाली पांढरी चपटी थैली दिसली, तर ती मादी आपली अंडी सांभाळते आहे असं समजावं. फोडांचं म्हणाल, तर पुष्कळदा ते काम दिव्यावर येणाऱ्या काळ्या-केशरी, मुंगीसारख्या दिसणाऱ्या किड्याचं असतं. तो अंगावर चिरडला की त्यातल्या द्रवानं कातडी पोळते. नाव मात्र कोळ्याचं होतं.

याच कोळ्याचा एक भाऊबंद मात्र खरोखर माणसं मारत आला. तो म्हणजे विंचू. दोघेही आठ पायांचे, एकाच वर्गातले. त्यातही काळ्या, थोराड इंगळीपेक्षा लहानसा तांबडा विंचू अधिक घातक. सरपणात, पेंढ्यात, दगडांच्या सांदीत तो बसलेला असतो.

पूर्वी विंचू चावला की मांत्रिकाकडे धाव घेत. 'विंचू उतरवणं' हा शब्दप्रयोगच त्यातून आला. पुष्कळांचा विंचू उतरायचाही, कारण बहुतेकांना नुसता ठणका लागतो आणि तो काही तासांनी आपोआप कमी होतो. श्रेय मंत्राला मिळे. ज्याला विष भिनलं, तो मात्र याच वेळकाढूपणात हातचा जाई.

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड तालुका लागतो. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण त्यांच्यासमोर दगावत होते आणि पुस्तकांत नेमका उपाय नव्हता. मग त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवायला सुरुवात केली. घाम, ओकारी, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, त्यानंतर फुप्फुसात साठणारं पाणी. १९८२ साली त्यांची ही निरीक्षणं 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

विंचवाच्या विषामुळे शरीरातल्या उत्तेजक द्रव्यांचा जणू पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर भार पडतो. म्हणून रक्तवाहिन्या सैल करणारं, रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध डॉ. बावस्करांनी वापरून पाहिलं. त्याचे निष्कर्ष १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच आले. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी शंभरात तीसच्या आसपास दगावत. ते प्रमाण चारच्या खाली आलं. गोळी स्वस्त, तोंडानं घ्यायची. खेड्यातल्या दवाखान्यालाही परवडणारी.

पुढे महाडमध्येच ७० रुग्णांवर आणखी एक अभ्यास झाला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या प्राझोसिननं बरं व्हायला सरासरी १७.७ तास लागले. जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलं, तेव्हा ८ तास पुरले. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

औषध सापडलं, तरी ते वेळेत पोचायला हवं. भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरून दवाखाना गाठणं आजही सगळ्यांना सोपं नाही. म्हणून एवढं लक्षात ठेवावं: विंचू चावल्यावर घाम सुटला, ओकारी झाली, हातपाय गार पडले, तर क्षणभरही थांबू नये. लहान मुलाला चावला असेल, तर लक्षणांची वाटही पाहू नये. आवळून बांधणं, ब्लेडनं कापणं, चुना लावत बसणं यात जाणारा वेळ जिवावर बेततो. गोळीही डॉक्टरांनीच द्यायची.

सरपण काढताना हाताआधी काठी घालावी. पायताण झटकून घालावं. आणि भिंतीवरच्या कोळ्याला त्याची झुरळं खुशाल खाऊ द्यावीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)