चेहऱ्यावरची सावली

बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरलेल्या माणसाच्या घरी दुसरे काही नसले तरी निरोपसमारंभाचे ग्रुप फोटो हमखास असतात. खुर्च्यांची एक रांग, मागे उभ्यांची दुसरी, आणि मधल्या खुर्चीवर गळ्यात हार घातलेले साहेब. माझ्यापाशी असा एक फोटो आहे. वडिलांच्या जबलपूरच्या कचेरीतला, १९६३ सालचा. भर दुपारी व्हरांड्यात घेतलेला. मागचे आवार पांढरेफटक उठले आहे, साहेबांचा गोरा चेहरा ठीक आला आहे, आणि अगदी कडेला उभ्या असलेल्या सावळ्या शिपायाच्या तोंडाच्या जागी नुसता काळा डाग आहे. त्या शिपायाने मला सायकल शिकवली. त्याचा दुसरा फोटो कोठेही नाही.

फोटोग्राफरला दोष देण्यात अर्थ नाही. उन्हातले आवार आणि छपराखालचा चेहरा यांच्या उजेडात हजारपटीचेही अंतर पडू शकते. डोळा एकदा इकडे, एकदा तिकडे वळतो, दर वेळी स्वतःला जुळवून घेतो, आणि दोन्ही एकदमच पाहिल्यासारखे आपल्याला वाटते. फिल्मला मात्र एकदाच पाहता येते. तिने जे टिपले तेही सारे कागदावर उतरत नाही; उत्तम चकचकीत कागदाचा पांढरा रंग त्याच्याच काळ्याच्या शंभरपट उजळ असतो, फार अधिक नव्हे. हजाराचा ऐवज शंभरात बसवावयाचा, हीच छायाचित्रकाराची जुनी अडचण. ‘हाय डायनॅमिक रेंज’ हे नाव अलीकडचे असले, तरी खटाटोप पावणेदोनशे वर्षांचा आहे.

प्रथम उत्तर शोधले ते फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रे याने. त्या काळच्या कोलोडियनच्या काचा निळ्या रंगाला फार हळव्या असत. समुद्र नीट येईपर्यंत आकाश करपून जाई. १८५६-५७ च्या सुमारास ल ग्रेने समुद्र एका काचेवर व आकाश दुसऱ्या काचेवर घेऊन काही चित्रे एकाच कागदावर छापली. लाटा आणि ढग यांचे हे जमले, माणसांचे काय? १८५८ साली इंग्लंडमध्ये हेन्री पीच रॉबिन्सन याने ‘फेडिंग अवे’ नावाचे चित्र पाच निगेटिव्ह जोडून तयार केले. क्षयाने मरणाला टेकलेली मुलगी, तिच्यापाशी दोघी स्त्रिया, पाठमोरा उभा असलेला पुरुष, आणि त्याच्यापलीकडे खिडकीतून दिसणारे ढगाळ आकाश. खोलीतला अंधार आणि खिडकीतला उजेड एकाच काचेवर मावणे त्या वेळी अशक्यच होते. चित्र पाहून पुष्कळांना संताप आला. मरण असे कॅमेऱ्यासमोर मांडावे काय, असा त्यांचा आक्षेप. वास्तविक ती मुलगी चांगली धडधाकट होती. मला मात्र त्या संतापात रॉबिन्सनचे यश दिसते. जोड दिसला असता तर कोणी रागावले नसते.

व्यवसायी मंडळींनी याहून साधा मार्ग धरला. काचेचा पल्ला वाढत नाही ना, मग उजेडच आवरून धरावयाचा. काचेच्या छताचे स्टुडिओ, पडदे, अंधाऱ्या गालाच्या बाजूला पांढरे कापड, आणि शेवटी निगेटिव्हवर शिसपेन्सिलीची दुरुस्ती. आपल्याकडचे राजा दीनदयाळ याच परंपरेतले. गृहस्थ मूळचे सरकारी नोकर! रुरकीला शिकून १८६६ साली ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले, १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला, आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. फायलींतून मान वर काढून काही करू इच्छिणाऱ्या वाचकाने ही हकीकत ध्यानात ठेवावी. त्याच काळात आपल्याकडे फोटोवर दाट रंग चढविण्याचीही मोठी प्रथा होती. चितारी चेहऱ्यावरची सावली पुसून टाकी, कारण लघुचित्रांच्या परंपरेत गालावर सावली नसेच.

अडचणीचे गणित मांडले ते हर्टर आणि ड्रिफील्ड या दोन मित्रांनी, १८९० मध्ये. सोड्याच्या धंद्यात नोकरी करणारी ही माणसे. फोटोग्राफी हा फावल्या वेळचा नाद. उजेड वाढत जाईल तसतशी काच किती काळी होते याची त्यांनी वक्ररेषा काढली: खाली रेंगाळणारा पाय, मध्ये सरळ चढ, वर थकलेला खांदा. माझा शिपाई त्या पायाशी सापडला होता. पुढे १९३९-४० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका कलाशाळेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी शून्य ते दहा अशा पायऱ्यांची पद्धत बसविली. तीत सरासरी गोऱ्या कातडीला सहावी पायरी मिळाली, सावळीला पाचवी. निदान तिला पायरी तरी होती. कोडॅकचे रंग जुळविण्याचे कार्ड कित्येक वर्षे एका गोऱ्या तरुणीचेच असे. तपकिरी छटा नीट उमटत नाहीत ही तक्रार लाकडी सामान आणि चॉकलेट विकणाऱ्यांकडून आली तेव्हा कंपनी हलली, असे तिच्याच जुन्या अधिकाऱ्यांनी सांगून ठेवले आहे.

चार्ल्स वायकॉफ याने तीन वेगवेगळ्या वेगांचे थर असलेली फिल्म बनविली, ती अणुस्फोट टिपण्यासाठी. माणसाच्या तोंडाकडे पाळी यावयास अजून अवकाश होता. १९९७ साली पॉल डेबेव्हेक आणि मथुरेत जन्मलेले, कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेले जितेंद्र मलिक यांनी कमीअधिक उजेडाच्या अनेक फोटोंवरून कॅमेऱ्याची वक्ररेषा उलगडून मूळ उजेडाचे माप काढण्याची रीत प्रसिद्ध केली. हर्टर-ड्रिफील्डचे गणितच, उलट्या दिशेने सोडविलेले.

हा प्रयोग मीही करून पाहिला. थोरल्या बहिणीला खिडकीत बसवून तीन फोटो घेतले, एक काळसर, एक बेताचा, एक उजळ, आणि संगणकावर जोडले. बाहेरचा गुलमोहर आला, खोलीतले कपाटही आले. पण ती जरा हलल्यामुळे कानाला दोन कडा आल्या, आणि गालावरची सावली उपसली गेल्याने प्रत्येक सुरकुती भेगेसारखी उठली. पाहून ती म्हणाली, “अरे, हे काय? मला मातीचं मडकं केलंस!” चूक माझी होती. लाट पाहणाऱ्याला अधिक तपशील हवा असतो. चेहऱ्याची गोलाई सावलीवरच उभी असते, आणि ती किती ठेवावी हे गणित सांगत नाही.

हलण्याची अडचण पुढे बरीच सुटली. श्री नायर आणि मित्सुनागा यांनी २००० साली शेजारशेजारच्या बिंदूंनाच वेगवेगळा उजेड देऊन एकाच फोटोत काम भागविण्याची युक्ती सुचविली. २०१३ पासून गूगलच्या फोनमध्ये क्षणार्धात अनेक काळसर फोटो घेऊन ते एकत्र करण्याची सोय आली. आज कडेला उभा असलेला शिपाई खिशातल्या फोनलाही दिसतो.

जबलपूरचा तो फोटो मी स्कॅन करविला. दुकानातल्या मुलाने काळा भाग उजळून पाहिला. डाग राखाडी झाला, एवढेच. कागदावर जे उतरलेच नाही ते कोठून यावे? निगेटिव्हमध्ये कागदापेक्षा पुष्कळ अधिक राहते. तिच्यात गालाची रेषा, कदाचित हसूही असू शकेल. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का आहे. गेल्या हिवाळ्यात जबलपूरला गेलो तेव्हा शोध घेतला. त्या जागी आता चपलांचे दुकान आहे, आणि जुन्या काचा-फिल्मा केव्हाच रद्दीवाल्याला दिल्याचे मालकांनी सांगितले.