पाणी, मांडव आणि गर्दी

मागच्या शनिवारी एका मोठ्या कॉन्सर्टला गेलो होतो. गेटवर पाण्याची बाटली काढून घेतली, आत तेच पाणी चौपट भावात! स्टेजभर प्रायोजकांचे बोर्ड, पण बाहेर पडायला वाट एकच. मी मूळचा पोलादपूरचा, त्यामुळे आठवलं ते महाड.

मार्च 1927. बाबासाहेबांच्या परिषदेला हजारो माणसं आली. गावात तळं असून त्यांना पाणी बंद, म्हणून 40 रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. 20 मार्चला सगळे चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. मग "आता देवळात घुसणार" अशी अफवा उठली आणि मांडवात जेवणाऱ्यांवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना आवरलं, नाहीतर काय झालं असतं...

डिसेंबरात दुसरी परिषद. मांडवाला कोणी जागा देईना, ती दिली फत्तेखान यांनी. व्यापाऱ्यांचा बहिष्कार, म्हणून सामानही बाहेरून आणलं.

थोडक्यात काय, ना प्रायोजक, ना सिक्युरिटी, तरी गर्दीच्या पाण्याची आणि जिवाची काळजी आयोजकांनीच वाहिली. आणि आपण हजारोंचं तिकीट काढून "बाहेरची वाट कुठंय?" एवढंही विचारत नाही. पुढच्या वेळी मी आधी तेच विचारणार. तुम्ही?