खापरावरचा पत्ता : अरिकमेडूची यवन मदिरा

मी चेन्नईतून बोलतोय. आजचा विषय मद्य हा आहे, पण आपण त्याकडे पुरावा म्हणून पाहणार आहोत.

इथल्या मरीना किनाऱ्यासमोर प्रेसिडेन्सी कॉलेज आहे. त्याच्या आवारात उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांचा पुतळा आहे. 'पुरनानूरु' हा संगमकालीन काव्यसंग्रह त्यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या ५६व्या कवितेत कवी नक्कीरर पांड्य राजाला म्हणतो, यवनांनी आणलेली थंड, सुगंधी मदिरा तू पीत राहा. यवन म्हणजे ग्रीक-रोमन जगातून आलेले लोक. आता प्रश्न असा, की ही नुसती कवीची स्तुती, की खरंच अशी मदिरा इथे येत होती? आणि येत असेल तर कुठून?

उत्तर सापडतं चेन्नईहून सुमारे १५० किलोमीटरवर, पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूत. १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी तिथे उत्खनन केलं. भूमध्य समुद्राकडून आलेल्या भांड्यांच्या तुकड्यांत अँफोरांची खापरं निघाली. अँफोरा म्हणजे दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा उंच कुंभ. एलिझाबेथ लायडिंग विल या अभ्यासिकेने पुढे ती खापरं बारकाईने तपासली. त्यांत कोस बेटाच्या धाटणीचे, दुहेरी कानांचे मद्यकुंभ ठळकपणे दिसले. शिवाय ऑलिव्ह तेलाचे आणि माशांच्या आंबवलेल्या रसाचेही कुंभ होते.

कोस हे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगतचं ग्रीक बेट. तिथल्या मद्यात समुद्राचं पाणी मिसळत. ते इतकं लोकप्रिय होतं, की रोमन लेखक केटो याने इटलीतच 'कोसचं मद्य' बनवण्याची कृती लिहून ठेवली. मद्याची नक्कल झाली, तशी कुंभाच्या आकाराचीही झाली. मग खरा कुंभ ओळखायचा कसा? मातीवरून! नेपल्सच्या उपसागराकाठी, व्हेसुव्हियसच्या परिसरात घडलेल्या कुंभांच्या मातीत ज्वालामुखीच्या वाळूचे काळे कण दिसतात. आकार उचलता येतो, माती नाही. खापराचा पत्ता त्याच्या मातीतच लिहिलेला असतो.

हे कुंभ अलेक्झांड्रियाहून नाईल नदीने वर जात, मग उंटांवरून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावर पोहोचत, आणि मोसमी वाऱ्यांच्या जोरावर भारतात येत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ भडोचच्या आयातीत मद्याचा उल्लेख करतो. पहिली पसंती इटलीच्या मद्याला, मग सीरियाच्या किनाऱ्यावरचं लाओदिकेआचं आणि अरबस्तानचं. याच ग्रंथात पैठण आणि तेर ही आपली नगरंही येतात. केरळच्या मुचिरी बंदराबाबत मात्र तो सांगतो, मद्य येतं, पण फार नाही. म्हणजे हा सर्वसामान्यांचा पेला नव्हता. राजे, श्रीमंत आणि इथे मुक्काम करणारे परदेशी व्यापारी यांच्यापुरताच तो असावा.

इथे एक सावधगिरी हवी. भारतात सापडलेला प्रत्येक परदेशी कुंभ 'रोमन' म्हणायची सवय आपल्याकडे बराच काळ होती. २००७ मध्ये रोबर्टा टोम्बर यांनी दाखवलं, की त्यांतले बरेचसे तुकडे मेसोपोटेमियाकडच्या 'टॉर्पेडो' कुंभांचे आहेत. त्यांना कान नसतात आणि आतून डांबराचा लेप असतो. मुंबईजवळच्या घारापुरीतही अशी खापरं मिळाली आहेत. म्हणजे आपला समुद्र एकट्या रोमशी जोडलेला नव्हता, इराणी आखातही त्याच्या शेजारी होतं. यात आपला इतिहास लहान होत नाही, उलट त्याचा नकाशा मोठा होतो.

नक्कीररची ओळ तर खरी ठरली. पण ती खरी ठरवली कुंभाराच्या मातीने. तेव्हा पुढच्या वेळी संग्रहालयात 'रोमन कुंभ' अशी पाटी दिसली, तर तीन गोष्टी नक्की बघा: कान आहेत का, मातीत काळे कण आहेत का, आणि आत डांबर आहे का. पाटीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्यानंतर ठरवा.