जमीन, पाणी आणि माणसे : आसामच्या इतिहासाचे तीन धागे

एखाद्या राज्याचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर राजघराण्यांच्या वंशावळीआधी तिथले महसुली दफ्तर पाहावे, असे मी मानतो. जमीन कोणाच्या नावे होती, पाणी कुठे वाहिले आणि कसणारा माणूस कुठून आला, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून पुष्कळसे राजकारण उलगडते. आसाम हे त्याचे ठळक उदाहरण.

मराठी वाचकाला आसाम दूरचा वाटतो. पण १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाची खप्पामर्जी ज्याच्यावर झाली, तो मिर्झाराजे जयसिंहांचा पुत्र रामसिंहच पुढे आसामच्या मोहिमेवर धाडला गेला. १६७१ मध्ये सराईघाटच्या नाविक लढाईत लाचित बरफुकनने त्याला परतवले. सह्याद्रीने आपल्याकडे जे केले, ते तिथे ब्रह्मपुत्रेने केले.

लाचित ज्या आहोम राज्यासाठी लढला, तेही मुळात बाहेरून आलेल्यांनीच उभारलेले. १२२८ मध्ये सुकाफा पाटकाईच्या रांगा ओलांडून आला. त्याच्या लोकांनी जमीन सपाट करून, बांधांनी पाणी अडवून भातशेतीचा विस्तार केला. पाइक पद्धतीनुसार सक्षम पुरुषाने आळीपाळीने राज्याची सेवा करायची आणि त्याबदल्यात भातजमीन कसायची. रस्ते, तलाव, पूर अडवणारे बांध याच श्रमांतून झाले. कालांतराने आहोमांनी असमिया भाषा आपलीशी केली. तिथे परका माणूस आपला झाला, कारण जमीन पुरेशी होती आणि हातांची गरज होती.

अंतर्गत बंडे आणि ब्रह्मी स्वाऱ्यांनी हा मुलूख ओसाड केला. १८२६ च्या यांदाबोच्या तहाने तो इंग्रजांकडे आला. १८३८ मध्ये पडीक जमिनींचे नियम झाले आणि चहाच्या मळ्यांसाठी सवलतीने मोठमोठे पट्टे दिले गेले. महसुलात पडीक म्हणून नोंदलेली जमीन प्रत्यक्षात अनेकदा गावाचे कुरण असते किंवा फिरत्या शेतीची असते, हे या खात्यात काम केलेल्याला सांगावे लागत नाही. मळ्यांसाठी छोटा नागपूर आणि इतर भागांतून मजूर आणले गेले. कचेऱ्यांत बंगाली कारकून आले. १८३७ पासून १८७३ पर्यंत न्यायालयांची भाषाही बंगालीच होती. भाषेविषयीची असमिया माणसाची हळवी जागा तिथली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व बंगालच्या मैमनसिंग भागातून शेतकऱ्यांचे लोंढे सुरू झाले. तिकडे दाट वस्ती आणि जमीनदारांचा जाच. इकडे रयतवारी आणि नदीकाठच्या मोकळ्या जमिनी. ब्रह्मपुत्रेच्या पात्रातील गाळाच्या बेटांना तिथे चर म्हणतात. स्थानिक शेतकरी हिवाळ्यात चरावर मोहरी घेई, गुरे चारी आणि पावसाळ्यापूर्वी उंचावर परते. नवागत मात्र पुरासकट तिथेच राहिले. ताग आणि भात पिकवू लागले. सरकारला सारा मिळाला आणि तागाच्या व्यापाऱ्यांना माल. अशा जमिनी बहुधा वर्षभराच्या पट्ट्याने दिल्या जात. आपल्याकडील एकसाली लावणीची आठवण व्हावी. कायम हक्काचा पट्टा मिळणे ही त्यानंतरची पायरी, आणि तंटे त्याच पायरीवर झाले.

१९२० मध्ये प्रशासनाने ‘लाइन’ पद्धत आणली. गावांच्या नकाशांवर रेषा मारून नवागतांनी कुठे वसावे आणि कुठे वसू नये, हे ठरवण्यात आले. रेषा कागदावर राहिली. जमिनीचे व्यवहार तिला ओलांडून होत राहिले. १९३१ च्या जनगणना अधीक्षकाने या स्थलांतराला लष्करी स्वारीची उपमा दिली. एका अधिकाऱ्याची ही उपमा पुढे राजकारणाची भाषा बनली. अहवाल लिहिताना शब्द किती जपून वापरावेत, याचा तो धडा आहे.

पुढचा क्रम परिचित आहे. १९४७ ची फाळणी, १९७१ चे युद्ध, १९७९ पासूनचे आंदोलन. १८ फेब्रुवारी १९८३ रोजी नेली परिसरात सरकारी आकड्यानुसार अठराशेहून अधिक माणसे मारली गेली. १९८५ च्या करारात २४ मार्च १९७१ ही मर्यादा ठरली. २०१९ च्या नागरिक नोंदणीत १९,०६,६५७ अर्जदार वगळले गेले; २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कालमर्यादा वैध ठरवली.

या चर्चेत तिसरा धागा, पाण्याचा, मागे पडतो. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपाने डोंगर कोसळले, प्रचंड गाळ नदीत आला आणि पात्र उथळ होऊन किनारे तुटू लागले. राज्य सरकारच्या आकड्यांनुसार १९५० पासून ४.२७ लाख हेक्टर जमीन, म्हणजे राज्याचा सात टक्क्यांहून अधिक भूभाग, नदीने गिळला आहे. माजुली बेट निम्म्याहून अधिक आक्रसले. ज्याचे शेत वाहून गेले, तो दुसऱ्या जिल्ह्यात किंवा शहराच्या कडेला झोपडी बांधतो. तिथे तो अनोळखी ठरतो आणि त्याच्याकडे वडिलांच्या गावचा कागद मागितला जातो. ते गाव नकाशावर उरलेले नसते.

परकीय घुसखोरी हा खरा प्रश्न आहे आणि असमिया माणसाची भीती खोटी नाही. परंतु नदीने उठवलेला नागरिक आणि सीमा ओलांडून आलेला माणूस यांत फरक करायचा, तर धूप झालेल्या प्रत्येक गावाची, प्रत्येक कुटुंबाची नोंद त्याच वर्षी व्हायला हवी. हे काम न्यायाधिकरणाचे नाही, तलाठ्याचे आणि मंडल अधिकाऱ्याचे आहे. ते पिढ्यान्‌पिढ्या नीट झाले असते, तर आज न्यायालयांपुढचा ढीग बराच लहान असता.

नोकरीनिमित्त घर सोडून परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना प्रत्येक बदलीनंतर पत्त्याचा पुरावा जुळवताना थोडा त्रास होतो. आपले मूळ गाव मात्र जागेवर असते. तिथल्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव अजून वाचता येते.